ऐंशी कुंड्यांचा मोगरा

आळेफाट्याच्या पुढे, नाशिकच्या रस्त्याला, तेजस्विनी मॅडमची रोपवाटिका आहे. गुलाब, जास्वंद, मोगरा, आंब्या-पेरूची कलमं, बंगलेवाल्यांना लागणारी शोभेची झाडं, सगळं तिथं मिळतं. झाडांच्या कामाला चार माणसं. कुशाबाई आणि आरती रोज निमगाव सावाहून जीपने यायच्या. सावळेरामबापू कलमं बांधायचे. वय पासष्टीचं, पण हातात चाकू आला की बोट हलायचं नाही. सोनीबाई आंबेगावच्या डोंगराकडची. तिचा नवरा जानकू रखवालीला आणि ती झाडांना पाणी घालायला, दोघं तिथल्याच एका खोलीत राहायची.

या माणसांत एक रीत पडून गेली होती. कधी पडली, कुणी पाडली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. कुणी सकाळी तोंड उतरवून आलं की बाकीचे त्याला काही विचारत नसत. त्याच्या वाटणीची माती, खत, कुंड्यांची उचलाउचल आपसात करून टाकत आणि त्याला सुखाचं काम देत. सुखाचं काम म्हणजे जाळीच्या सावलीत बसून, ट्रेमधली दोन-दोन पानांची रोपं हलक्या हाताने उचलून पिशवीत लावायची. सोनीबाईचा बाप वारला तेव्हा तिने आठ दिवस तेवढंच केलं. बापूंचा मुलगा भांडून घराबाहेर पडला, तेव्हा आठ दिवस बापूंनी चाकूला हात लावला नाही. रोपं लावत बसले आणि नवव्या दिवशी आपणहून उठून कलमांकडे गेले.

आरतीला दिवस राहिले, तेव्हा ते सुखाचं काम सहा महिने तिच्याकडेच राहिलं. लग्नाला सात वर्षं झाली होती तिच्या. कुशाबाईचं आणि तिचं घर एकाच आळीत, भिंतीला भिंत लागून, त्यामुळे त्या सात वर्षांत त्या घरात काय काय बोललं गेलं ते कुशाबाईने भिंतीपलीकडून ऐकलेलं. म्हणून बातमी कळल्यावर सगळ्यात जास्त हरखली ती कुशाबाई. सोनीबाई नाचणीचे लाडू करून आणी. बापू रोज बाळाचं नवं नाव सुचवत, आणि ते मुद्दाम इतकं जुनाट असे की आरती हातातलं रोप ठेवून हसत बसे. आठवा सरत आला तसं कुशाबाईने तिला सांगितलं, आता पोरी घरी बस.

पोरगी झाली ती गेलेलीच झाली. आदल्या रात्रीपासून पोटात हालचाल नव्हती. दवाखान्यात नेलं, डॉक्टरने पोटाला यंत्र लावलं आणि लावूनच ठेवलं. चूक कुणाची नव्हती. आरतीचा नवरा पप्पू आणि दीर, दोघांनी ते एवढंसं गाठोडं नेलं आणि तासाभरात परत आले. आरतीला पोरीचं तोंड दाखवलं होतं, पण उगीच जीव लागेल म्हणून हातात दिली नव्हती.

चौदाव्या दिवशी सकाळी कुशाबाई जीपला निघाली, तर आरती डबा घेऊन रस्त्यावर उभी. सासू दारातून हाका मारत होती. कुशाबाईनेही समजावलं, की अंगात रक्त नाही, उन्हाचा पारा चढलाय, महिनाभर तरी थांब. आरती एवढंच म्हणाली की घरात बसलं की जो येतो तो पुढच्या वेळचं बोलतो. मग कुशाबाईने जीपमध्ये सरकून तिला जागा केली.

रोपवाटिकेत त्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या परीने जीव टाकला आणि सगळ्यांचंच चुकलं.

जानकू गावाकडून येताना करवंदं घेऊन आला होता. सोनीबाईने पळसाच्या पानाचा द्रोण करून ती आरतीच्या पुढ्यात ठेवली. आरतीने दोन खाल्ली, तिसरं तोंडाजवळ नेलं आणि तसंच खाली ठेवलं. सहाव्या महिन्यात तिला करवंदांचेच डोहाळे लागले होते, तेव्हा ती कुठे मिळाली नव्हती. सोनीबाईला ते नंतर आठवलं, आणि दुपारपर्यंत ती स्वतःला शिव्या देत पाण्याचा पाइप ओढत राहिली.

बापूंनी गिऱ्हाइकाची नक्कल केली. पाणी न घालता, ऊन न दाखवता, खत न देता वर्षभर फुलणारं झाड मागणारे एक साहेब मागे आले होते. बापू त्यांच्यासारखं पोट पुढे काढून चालले. आरतीला हसू आलं. खरोखरचं आलं. आणि आलं तशी ती घाबरल्यासारखी उठली आणि जाळीच्या मागे जाऊन उभी राहिली. बापू तसेच पोट पुढे काढून उभे. मग हळूच त्यांनी अंग सोडलं आणि कलमांकडे गेले.

आणि कुशाबाईने तिला सुखाचं काम दिलं. तासाभराने बघितलं तर आरतीच्या पुढ्यातला ट्रे अर्धाही झाला नव्हता. हाताला जोर नाही, तोंडाला बोलणं नाही, सावलीत नुसतं बसायचं. असल्या कामात मन कुठे जाणार, हे कुशाबाईच्या ध्यानात यायला तो तास जावा लागला.

दुपारी एक मोटार थांबली. नवरा-बायको गुलाब बघायला उतरले, बाईच्या खांद्यावर तीन-चार महिन्यांचं मूल होतं. ते भुकेने रडायला लागलं. कुशाबाई तेव्हा जास्वंदीच्या ओळीत खुरपत होती. तिने मान वर केली ती मुलाकडे बघायला नाही, आरतीकडे बघायला. आरती उभी राहिली होती. दोन्ही हात छातीवर आवळून धरलेले, आणि हातांच्या खालून ब्लाउज ओला होत चाललेला.

कुशाबाईने खुरपं टाकलं. आरतीला धरून तिने खतांच्या खोलीत नेलं, दार लोटलं, पोत्यांवर बसवलं. छाती दगडासारखी झाली होती. हात लावला तरी आरती कळवळत होती. तिने सांगितलं की दवाखान्यातल्या गोळ्या कधीच संपल्या, तरी हे थांबत नाही, रात्री अंथरूण भिजतं, आणि सासूला सांगायची लाज वाटते. बोलताना ती रडत नव्हती.

कुशाबाईने तिला पाणी दिलं, हलू नको म्हणून बजावलं आणि बाहेर आली.

मोगऱ्याच्या कुंड्या पुढच्या बाजूला ओळीने लावल्या होत्या. मोजून ऐंशी. दुसऱ्या दिवशी त्या एका लग्नात जायच्या होत्या. हल्ली पाहुण्यांना नारळाच्या जागी रोप देतात ना, तशा. बरोबर त्या दिवशी फुलाव्यात म्हणून बापूंनी त्यांची छाटणी, पाणी, ऊन सगळं महिनाभर जुळवत आणलं होतं. एकेका झाडावर वीस-पंचवीस टपोऱ्या कळ्या होत्या. कुशाबाईने पदराची खोळ केली, पहिल्या कुंडीशी बसली आणि कळ्या तोडायला लागली.

बापू धावतच आले. त्यांनी विचारलं, डोकं ठिकाणावर आहे का. कुशाबाईने मान वर न करता सांगितलं, "आरतीचं दूध आटवायचंय. मोगरा बांधावा लागतो."

बाईमाणसाची गोष्ट, त्यात काय बोलणार. बापू जाऊन कलमं ठेवायची वेताची पाटी घेऊन आले, ओळीच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि महिनाभर जपलेल्या कळ्या स्वतःच्या हाताने तोडू लागले. सोनीबाईने पाइप बंद केला आणि मधून सुरुवात केली.

तेजस्विनी मॅडम आल्या तोवर साठेक कुंड्या मोकळ्या झाल्या होत्या. त्यांचा आवाज चढला, ते साहजिकच होतं. बापूंनी त्यांना बाजूला नेऊन दोन वाक्यांत सांगितलं. मॅडमची धाकटी अजून अंगावर पीत होती. त्या आवारातल्याच आपल्या घरात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात धुऊन धुऊन मऊ झालेली सुती ओढणी होती. ती कुशाबाईला दिली आणि लग्नवाल्यांना फोन लावून म्हणाल्या की मोगरा येईल, पण नुसता पाल्याचा येईल.

खोलीत खताचा वास होता, त्यात मोगऱ्याचा वास शिरला. कुशाबाईने ओढणीवर कळ्यांचा थर पसरला, तो आरतीच्या छातीवर लावला आणि पाठीमागून घेऊन घट्ट गाठ मारली. गार लागल्यावर आरतीने डोळे मिटले. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मावशी, तुमाला कसं म्हाईत?"

कुशाबाई ओढणीचं टोक खोचत होती. तिच्या मनात आलं, सांगावं की आजीने सांगितलेलं, जुन्या बायकांना असलं माहीत असतं. तोंडातून मात्र दुसरंच निघालं.

"माझाबी एक व्हता," ती म्हणाली. "यमाजीच्या आधी."

कुशाबाईला दोन मुलगे, हे सगळ्या गावाला माहीत. यमाजी शेती बघायचा, धाकटा चाकणला कंपनीत. त्या दोघांच्या आधी, ती एकोणीस वर्षांची असताना, तिला एक मुलगा झाला होता आणि तो एक रात्र जगला होता. पहाटे तो गेला. तिच्या सासूने शेजारच्या वेलाची जाई आणून तिच्या छातीवर अशीच बांधली होती. पाचव्या दिवशी दूध आटलं आणि सहाव्या दिवशी सासूने तिला कांदे काढायला शेतात नेलं. त्यानंतर त्या मुलाविषयी घरात कुणीही एक शब्द काढला नाही. सासू वाईट नव्हती. बोललं की दुखतं, म्हणून बोलत नसत. चाळीस वर्षं झाली होती त्याला. कुशाबाईला वाटायचं, ते आता मिटलं. आणि आता खताच्या पोत्यावर बसून ती बोलत होती. केस होते त्याला, ती म्हणाली. एवढे. आणि रात्रभर माझं बोट धरून होता, सोडतच नव्हता.

ती आली होती आरतीला धीर द्यायला, आणि आरतीच तिचे डोळे पुसत होती, मोगऱ्याच्या वासाच्या ओल्या हातांनी.

"किती दिवस लागत्यात?" आरतीने विचारलं.

"दुधाला चार-पाच दिवस."

"आन् बाकीच्याला?"

कुशाबाईने तिच्याकडे बघितलं. खोटं बोलणं सोपं होतं. सगळं गाव तिच्याशी तेच बोलत होतं.

"ते मला अजून कळलं न्हाई," ती म्हणाली.

पुढचे चार दिवस सकाळ-दुपार फुलं बदलली. ऐंशी कुंड्यांचा मोगरा पहिल्याच दिवशी सरला, मग बापूंनी, ज्यांच्या फांद्यांपासून नवी रोपं करतात त्या आईझाडांवर राखून ठेवलेल्या कळ्या सोनीबाईच्या हाती दिल्या. त्याही संपल्या तेव्हा मॅडमनी गाडीवर जाऊन बाजारातून पुडी आणली. मोगऱ्याच्या झाडांना फूल का नाही, असं गिऱ्हाईक विचारी, तेव्हा बापू गंभीर तोंडाने सांगत की यंदा मोगरा रुसलाय, पुढच्या महिन्यात या.

पाचव्या दिवशी छाती मऊ पडली. ओढणी कोरडी निघाली. कुशाबाईला हायसं वाटलं. तिने सोनीबाईला खुणेने सांगितलं, सोनीबाईने बापूंना, आणि तिघंही मनातून सुटल्यासारखी झाली. आणि खोलीतून आरतीच्या रडण्याचा आवाज आला.

या अठरा दिवसांत ती असं रडली नव्हती. कुशाबाई धावली. आरती सुकलेली, पिवळी पडलेली फुलं मुठीत धरून बसली होती आणि म्हणत होती की तिचं म्हणून एवढंच राहिलं होतं माझ्याकडे. तेपण गेलं.

तेव्हा कुशाबाईला आठवलं, की पाचव्या दिवशी तीही अशीच रडली होती. हे ती साफ विसरून गेली होती. फुलं बांधायची आठवत होती, सासूच्या हाताचा गारवा आठवत होता, हे मात्र नाही. आठवलं असतं तर पोरीला आधी सांगून तरी ठेवलं असतं.

तिने समजूत घातली नाही. आरतीच्या शेजारी बसून राहिली. बाहेर बापू आणि सोनीबाई कामं सोडून दाराशी बसले. गिऱ्हाईक आलं, त्याला मॅडमनी परस्पर बघितलं.

बऱ्याच वेळाने आरती तोंड धुऊन बाहेर आली. सोनीबाईने रोपांचा ट्रे पुढे केला. आरतीने तो बाजूला सारला. म्हणाली, "हलकं काम नगं मला. जड द्या."

तिकडे मागे तांबड्या मातीचा ट्रक आदल्या दिवशी खाली केला होता. शेणखत घालून ती सगळी माती कालवायची होती, एरवी मजूर लावून करतात तसलं काम. आरतीने फावडं उचललं. बाळंतिणीला कसं करू द्यायचं, म्हणून सोनीबाई पुढे झाली. आरती ऐकेना, तेव्हा तिने फावड्याचा दांडा आरतीच्या हाताशेजारी स्वतःही धरला. दोघींनी मिळून एक फावडं चालवलं. बापू पाटीने खत टाकत होते, त्यांची कंबर दुखत होती हे सगळ्यांना दिसत होतं. कुशाबाई हाताने ढेकळं फोडत होती. जायच्या वेळी चौघांच्या पायांना घोट्यापर्यंत माती होती, आणि आरतीने डब्यातली सगळी भाकरी खाल्ली होती.

त्या संध्याकाळी कुशाबाई घरी आली तेव्हा तिचा नवरा रखमाजी म्हशीची धार काढत होता. रखमाजी मुळातच कमी बोलणारा माणूस. कुशाबाई गोठ्याच्या खांबाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आज थोरल्याची लई याद आली."

रखमाजीने यमाजीला काय झालं असं विचारलं नाही. त्याचे हात थांबले. चरवीतला आवाज थांबला तशी म्हैस वळून बघू लागली.

"त्याला कुठं ठेवला ते तुमी मला कदी सांगितलं न्हाई," कुशाबाई म्हणाली.

"तू कदी इचारलं न्हाई," रखमाजी म्हणाला. मग जरा वेळाने, "उद्या दावतो."

सकाळी जीपच्या आधी तो तिला घेऊन निघाला. तिला वाटलं होतं ओढ्याकडे नेईल, गावातली तसली पोरं तिकडेच ठेवतात. पण तो त्यांच्याच शेताच्या वाटेला लागला. वरच्या तुकड्यात, बांधाच्या कोपऱ्याला, खाटेएवढी जागा कायम पडीक असे. सगळ्या रानात नांगर फिरे, तेवढी सुटे. ट्रॅक्टर आला तरी सुटली. कुशाबाईने त्यावरून नवऱ्याला किती वेळा टोचलं होतं, की एवढ्या जागेत कोथिंबिरीच्या दोन जुड्या निघाल्या असत्या. तो म्हणे, खाली खडक आहे, फाळ मोडेल.

रखमाजी त्या कोपऱ्याशी येऊन थांबला. पायातल्या वहाणा काढल्या.

कुशाबाईला समजायला वेळ लागला. "खडक?" ती म्हणाली.

"खडक न्हाई," रखमाजी म्हणाला.

ती खाली बसली. चाळीस वर्षं ती या बांधावरून गेली होती. गवताचे भारे घेऊन, डोक्यावर भाकरी घेऊन, पुढे पाठोपाठची दोन पोरं घेऊन. याच कोपऱ्याला बसून ती कितीदा पाणी प्याली असेल. आणि हा माणूस दर पेरणीला, एकटा, नांगर तिथून वळवून नेत होता. तिला त्याच्यावर रागही आला आणि त्याची कीवही आली. रखमाजी पाठ करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते.

थोड्या वेळाने कुशाबाईने गवत बाजूला सारून बोटांनी थोडी माती उकरली. हाताची सवय, तिने ती चुरून बघितली. काळी, भुसभुशीत, नांगर न लागलेली.

"माती चांगली हाय," ती म्हणाली.

"व्हय," रखमाजी म्हणाला. मग डोळे पुसून त्याने विचारलं, इथं काही लावायचं का, तू म्हणशील ते. कुशाबाईला शेकडो झाडं माहीत होती. कोणतं सावलीला येतं, कोणतं कमी पाण्यावर तगतं, कोणतं बारा महिने फुलतं. तिने त्यातलं एकेक मनात आणून बघितलं.

"नगं," ती म्हणाली. "असूं द्या असंच."

त्या दिवशी तिची नेहमीची जीप चुकली. रस्त्यावर आली तर आरती तिच्यासाठी थांबलेली. मागच्या जीपमध्ये दोघींना बसायला जागा मिळाली नाही, उभ्याने जावं लागलं. दांडीला धरून, लोकांच्या गर्दीत, कुशाबाईने तिला हळू आवाजात सगळं सांगितलं, खडकाचंही. आरती ऐकत होती. उतरल्यावर रस्ता ओलांडायच्या आधी तिने फोन काढला, पप्पूला लावला आणि म्हणाली की आज कामावरून लवकर ये, मला पोरीकडे घेऊन जा.